बिअरसाठी आणलेला दुधाचा कॅन

आबा घरातली झाकणं घट्ट लावायला लागले तेव्हा आम्हाला आधी त्याचं कौतुकच वाटलं. आमच्या घरात झाकण लावायची सवय कुणालाच नाही. साखरेच्या डब्यात मुंग्या, फरसाण सादळलेलं, हे नेहमीचंच. म्हातारा माणूस घरात लक्ष घालतोय, बरं आहे, असं मी बायकोला म्हणालो. मग डबे उघडेनासे झाले. मिठाच्या डब्यासाठी तिला पक्कड लागायला लागली. नळ इतके आवळले जायचे की आतले वायसर फाटून रात्रंदिवस पाणी गळायचं. आणि एका सकाळी तिनं स्वयंपाकघरातून मला हाक मारली, तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गॅसवर कुकर होता आणि आबांनी त्याच्या शिट्टीवर वरवंटा उभा केला होता. वर दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता. मी गॅस बंद केला, त्यांना बाजूला ओढलं, तर माझ्यावरच डाफरले. वाफ वाया चालली होती म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. नेसरीकडच्या आमच्या गावात त्यांनी उभा जन्म दूध संस्थेत काढला. दूध मोजून घ्यायचं, कॅन भरायचे, झाकणावर मूठ मारून ते बसवायचं, मग झाकणाच्या खटक्यातून तार ओवून पकडीनं पिळायची. वाटेत कुणी दूध काढून घेऊन पाणी घालू नये म्हणून ती तार. कॅन गाड्यावरून फाट्यावर न्यायचे आणि दूध संघाची गाडी येईपर्यंत शेवटच्या कॅनवर बसून राहायचं. उघड्यावर दूध टाकून कुठं जायचं नाही, हा त्यांचा नियम. लहानपणी आबांना बोलवायला मी फाट्यावर जायचो, तेव्हा ते मला त्याच कॅनवर शेजारी बसवून घ्यायचे आणि गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत आम्ही दोघं वळणाकडं बघत बसायचो.

आई गेल्यावर मी त्यांना कोल्हापुरात आणलं, आमच्या फुलेवाडीतल्या घरी. वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं आडपडदा ठेवला नाही. हे वाढतच जाणार, म्हणाला. ओळखीच्या वस्तू जवळ असू द्या, ओळखीची कामं करू द्या, तेवढाच आधार. एक दिवस ते तुम्हालाही ओळखणार नाहीत, त्याची तयारी ठेवा.

त्याची तयारी कशी ठेवायची ते काही त्यानं सांगितलं नाही. तोवर बायकोला ते माझी आत्या समजायला लागले होते. तिनं ते हसून घेतलं, आत्यासारखी त्यांना दटावायलाही लागली. पण मला ते ओळखत होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. संध्याकाळी घरी आलो की फाटकाशेजारच्या कट्ट्यावर आबा बसलेले असायचे आणि म्हणायचे, "आलास व्हय रे पोरा?" एवढंच. हायवेवरून येताना मला दुसरं काही सुचायचं नाही. आज म्हणतील का, हीच धास्ती. गाडी गल्लीत वळवली की मी आधी काच खाली करायचो, आणि ते शब्द कानावर पडले की दिवसभराचं ओझं उतरायचं. मला बाकी कशाची भीती नव्हती, एवढ्या एका वाक्याची होती.

बिअरचं खूळ त्याच उन्हाळ्यातलं. पुण्यातल्या एका मित्राकडं मी त्यानं घरी केलेली बिअर प्यायलो आणि माझ्या डोक्यानं घेतलं. माणसाला घरात असं काहीतरी लागतं की जे मोजून करता येतं आणि मोजल्यासारखंच होतं. आबांचं काहीच मोजता येत नव्हतं. बायको म्हणाली, परवाना लागतो त्याला, पोलीस आले तर मी माहेरी जाणार. मी म्हणालो, घरात प्यायला एवढीशी करायची, गल्लीत काय दुकान मांडायचंय? यावर तिनं भांडी आदळत घासायला घेतली. तिनं भांडी आदळली की समजायचं, आपलं चुकतंय. मोड आणून वाळवलेल्या सातूचं माल्ट, कडवट वासाची वाळकी फुलं आणि यीस्ट कुरिअरनं आलं. राहिला प्रश्न भांड्याचा.

यात भांडंच महत्त्वाचं. माल्टचं गोड पाणी उकळून गार करायचं, त्यात यीस्ट घालायचं आणि ते आंबत ठेवायचं. आंबताना वायू सुटतो, भरपूर सुटतो, आणि त्याला बाहेर जायला वाट लागते. वाट नसली की काय होतं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या कारखान्यात हवेच्या दाबाची चाचणी चालते. एकदा एका नगाचं झाकण नीट आवळलं नव्हतं, ते सुटलं आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. माणूस नेमका पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. पत्र्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे. त्याच्याभोवती आम्ही पिवळ्या रंगानं गोल काढून ठेवलाय, नवीन पोरं आली की आधी तो दाखवतो.

मित्र काचेचा मोठा बुधला वापरायचा. आत काय चाललंय ते दिसतं, काच धुवायलाही बरी. पण आमच्या घरात फरशी, आणि आबा कधी उठून कुठं चालतील याचा नेम नाही. काच फुटली तर त्यांचे अनवाणी पाय माझ्या डोळ्यांपुढं आले. कारखान्यामागं निळे ड्रम पडलेले असतात, पाणी साठवायला लोक हौसेनं नेतात. त्यात आधी काय होतं ते मला माहीत असल्यामुळं मी त्यातलं पाणीसुद्धा पीत नाही. प्लॅस्टिकची नवी बादली स्वस्त पडली असती, पण तिला घासताना चरे पडतात आणि चऱ्यात घाण बसते. बायकोच्या लोणच्याच्या बरणीकडं मी नुसतं बघितलं, तर तिनं ती उचलून देवघराखाली नेऊन ठेवली.

मग महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात मला तो दिसला. स्टीलचा दुधाचा कॅन, रुंद तोंडाचा, दोन्हीकडं धरायला कान, झाकणाच्या कडेला पांढरं रबर आणि वर दाबून बसवायचा खटका. धुवायला सोपा, फुटायची भीती नाही. मी हाताशी असलेल्या सगळ्या कसोट्या त्याला लावल्या आणि तो सगळ्यांत उतरला. झाकणाला भोक पाडून नळी बसवायची माझ्या मनात होती, पण नव्या कोऱ्या स्टीलला ड्रिल लावायला जीव होईना. खटका उघडा ठेवायचा, झाकण नुसतं वर टेकवायचं, वायू आपोआप जाईल, असं मी ठरवलं. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

खरं कारण पण सांगायला हवं. कॅन घरात आला तेव्हा आबा उठून उभे राहिले. कित्येक दिवसांत ते कुणी सांगितल्याशिवाय उठले नव्हते. त्यांनी कॅन आडवा केला, आत वास घेतला, रबरावरून अंगठा फिरवला. "रबर चांगलं हाय," म्हणाले. मग झाकण ठेवलं, त्यावर मूठ मारली आणि खटका दाबला. खट्ट असा आवाज झाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना तो परत उघडून दिला, परत लावायला सांगितलं. ओळखीची वस्तू जवळ असू द्या, हे डॉक्टरच म्हणाला होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं वरवंटा होता. माझ्याही असायला हवा होता.

पुढच्या रविवारी मी माल शिजवला, घरभर खरपूस वास सुटला. गार झाल्यावर कॅनमध्ये ओतला, यीस्ट घातलं, झाकण टेकवलं आणि कॅन मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवला. सोमवारी सकाळी बघतो तर खटका बंद. मला वाटलं, मीच लावला असेल. उघडायला गेलो तर खटका हलेना. तळहातानं जोर लावला तसा तो सुटला आणि झाकण उडून माझ्या मनगटावर बसलं. हात दिवसभर ठणकत होता. बाहेर येऊन पाहिलं तर आबा शांतपणे चहात खारी बुडवत होते. त्यांना विचारलं, झाकण तुम्ही लावलं का? म्हणाले, उघडं दूध नासतं. आणि पुन्हा खारी बुडवली.

बायकोनं माझं मनगट बघितलं आणि एकच वाक्य बोलली, "आजच्या आज हे घराबाहेर काढा, न्हाय तर आबास्नी घेऊन मी आजऱ्याला जाते." आजरा तिचं माहेर. मी म्हणालो, आठवड्याचा तर प्रश्न आहे, खोलीला कुलूप लावतो. कुलूप लावलं, किल्ली फ्रिजवर ठेवली. पण दिवसातून कितीदा तरी मला आबा त्या दाराशी उभे दिसायचे, कान लावून. आत फेसाचा आवाज चाले, तळणीतल्या तेलासारखा बारीक. "आत काय तरी हाय," ते मला म्हणायचे, अगदी हलक्या आवाजात, कुणाला कळू नये असं. मी म्हणायचो, काही नाही आबा, चला. रात्री मलाही तो आवाज यायला लागला. बायको म्हणाली, दार बंद असताना काही ऐकू येत नाही, तुमच्या डोक्यात आहे ते. असेल. पण मला झोप नव्हती.

गुरुवारी तिच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, ती सकाळच्या एसटीनं आजऱ्याला गेली. मी आबांसाठी सुट्टी टाकली होती. अकराच्या सुमारास मी खोली उघडून फेस बसला का ते बघत होतो आणि कारखान्यातून फोन आला. गेलेला माल परत आलाय, साहेब तुम्हीच पाहिजेत. मी चरफडत निघालो. शेजारच्या काकूंना आबांकडं लक्ष ठेवायला सांगितलं. झाकण नुसतं टेकवलेलं होतं, खटका उघडा होता, हे मला पक्कं आठवतं. कुलूप मात्र मी कडीला नुसतं अडकवलं होतं.

काम लांबलं. दुपारी मी काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, "आबा व्हय? निवांत बसल्यात की फाटकात. आपल्या हातानं स्टूल वढत आणला आणि त्याच्यावरच बसल्यात. जेवायला बोलावलं तर उठंनात." माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवला, परत आलेल्या नगांकडं वळलो, मोजपट्टी हातात घेतली. आणि मग माझ्या लक्षात आलं, आमच्या घरात स्टूल नाही.

हायवेवर मी गाडी कशी चालवली ते सांगता येणार नाही. काकूंना परत फोन लावला, त्यांना उठवा म्हणालो, लांब न्या म्हणालो. त्या म्हणाल्या, हात लावला की ओरडतात. उन्हाचा तडाखा होता, गाडीच्या टपावर हात ठेवता येत नव्हता, आणि स्टील किती तापलं असेल तो हिशोब माझं डोकं आपोआप करत होतं. पत्र्यावरचा तो पिवळा गोल सारखा समोर येत होता. त्यात मला आबांचं धोतर दिसत होतं.

गल्लीत वळलो, काच खाली केली. काहीच ऐकू आलं नाही. आबा फाटकात कॅनवर बसले होते. डोक्यावर टॉवेल, हात गुडघ्यांवर, नजर गल्लीच्या टोकाला. कॅनवर दुपारभराचं ऊन. खटका दाबलेला आणि त्यातून तार ओवून पकडीनं पिळलेली, अगदी व्यवस्थित, टोक आत दुमडलेलं. पक्कड त्यांच्या पायाशी पडली होती, मिठाच्या डब्याची. झाकणाचं रबर एका बाजूनं फुगून बाहेर आलं होतं, आणि तिथून बारीक फेस वर येऊन कडेला वाळत होता.

मी त्यांच्याजवळ गेलो. हळू बोललो, आवाज चढवायची मला भीती वाटत होती. आबा, उठा, जेवायचं राहिलंय. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाडी आल्याबिगर उठायचं न्हाय." मी खांद्याला धरलं. त्यांनी दोन्ही टाचा कॅनला लावल्या आणि त्याचे कान गच्च धरले. त्या वयातही त्यांचे हात लोखंडाचे आहेत. झटापट झाली असती तर कॅन हलला असता, आडवा झाला असता, आणि त्याचं तोंड कुठंही वळलं असतं. काकू त्यांच्या दारातून बघत होत्या, त्यांना मी हातानं आत जायला सांगितलं. मला रडू येत होतं. काय करावं ते सुचत नव्हतं.

मग मी गाडीत जाऊन बसलो. गाडी मागं घेतली, गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि तिथून हॉर्न वाजवला. एक लांब, एक आखूड. फाट्याच्या वळणावर संघाची गाडी तसाच वाजवायची. आबा ताडकन उठले.

मी गाडी फाटकापर्यंत आणली, डिकी उघडली, खाली उतरलो. त्यांनी कॅनचा एक कान धरला, दुसरा मी. दोघांनी मिळून तो उचलला. माझं तोंड झाकणापासून वीतभर लांब होतं आणि त्यांचंही. कॅन गरम होता आणि आतून थरथरत होता. डिकीत ठेवल्यावर आबांनी हात झटकले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"जपून न्या, पावणं," म्हणाले. "झाकण घट्ट हाय. एक थेंब सांडायचा न्हाय."

मी मान हलवली.

"कोल्हापूरला जातासा न्हवं? तिकडं माझा पोरगा असतो. मोठ्या कारखान्यात हाय. गाठ पडली तर सांगा, बाप वाट बघतोय म्हणावं."

सांगतो, मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

ते बाजूला सरले, गाडीला वाट दिली. आता मला निघावंच लागलं. फुलेवाडीच्या पुढं उसाच्या फडांमागं एक मोकळा माळ आहे, तिथं मी गाडी नेली. कॅन उतरवून बाभळीकडं तोंड करून आडवा टाकला, डिकीतलं पोतं त्यावर घातलं, मागून हात घालून गाडीतल्या पकडीनं तार कापली आणि जॅकच्या दांड्यानं खटक्यावर घाव घातला. आवाज कारखान्यातल्यापेक्षा मोठा झाला. झाकण पोत्यासकट गेलं आणि बाभळीच्या बुंध्यावर आदळून साल सोलून खाली पडलं. फेस कितीतरी लांब फेकला गेला. जिथं झाकण लागलं होतं ती जागा माणसाच्या अंगावर कुठं आली असती ते मी बघितलं नाही. खरं तर बघितलं, पण ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. राहिलेलं सगळं मातीत ओतून दिलं. माळावर ताज्या पावाचा वास पसरला.

रिकामा कॅन घेऊन परतलो. गल्लीत वळताना सवयीनं काच खाली केली. आबा आता कट्ट्यावर बसले होते, त्यांच्या नेहमीच्या जागी, अंगावर संध्याकाळचं ऊन. मी इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिलो. उतरलो तर मी कोण असणार, हे मला कळत नव्हतं, आणि जोवर उतरत नाही तोवर कळणारही नव्हतं. शेवटी उतरलो. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, निरोप मिळाला. आलो मी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझ्या शर्टावर फेस वाळला होता. मग ते थोडे सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बसा पावणं," म्हणाले. "पोरगा येईल आत्ता."

मी त्यांच्या शेजारी बसलो. दोघंही गल्लीच्या टोकाकडं बघत राहिलो.